कच्चं पाणी

२२ सप्टेंबर २००४, बुधवार

पीयूष पुण्याच्या कसल्याशा प्रदर्शनातून एक खोकं घेऊन आलाय. त्यावरून आज आमच्या नळाच्या दुकानात लेकाची फजिती झाली. खोक्यात नळाचे जोड आहेत. पांढरे, प्लॅस्टिकचे, हातात घेतले तर खेळण्यातले वाटावेत असे. एल्बो आहेत, टी आहेत, काहींना एका बाजूने पितळी आटे आहेत. सोबत पांढऱ्या लवचीक नळीचं भेंडोळं. म्हणे याला पाना लागत नाही, सुतळी-सफेदा लागत नाही, चिकटवायचं सोल्युशनही नाही. नळी सरळ कापायची, जोडात दाबायची, झालं काम. काढायची असेल तर जोडाच्या तोंडाची कडी आत दाबून धरायची, नळी सुटून येते. पुशफिट म्हणतात त्याला.

गेणूभाऊ तेव्हा दुकानातच होते. मंचरमधल्या निम्म्या घरांची लाइन त्यांनीच टाकलेली, रोज अवसरी बुद्रुकहून सायकलवर येतात. त्यांनी एक जोड उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याला आटंच न्हाईत, पीयूषशेठ. पानी काय लाजून थांबायचं व्हय?"

गिऱ्हाइकं हसली. पीयूषचे कान लाल झाले. त्याचे वडील गल्ल्यावर पावत्या लिहीत राहिले. हल्ली हे कशावरच बोलत नाहीत. दुपारी खोकं घरी पाठवून दिलं. ते आता जिन्याखाली पडलंय.

पर्युषण संपलं. मी एकटीने आठ दिवस उकळलेलं पाणी प्यायले, ते तसंच पुढे चालू ठेवलंय. बरं वाटतं.

२६ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकघरात ओट्याखालचा नळ महिनाभर ठिबकतोय. गेणूभाऊंना निरोप दिला होता, ते आले नाहीत. पीयूष रुसलेला. म्हटलं बघू तरी.

पहिल्यांदा नळी चाकूने कापली. तिरकी गेली. पाणी सोडलं तर तोंडावर फवारा. पीयूष धावत आला आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला. मग त्याने शिकवलं. कात्रीसारखं कटर असतं, त्याने काटकोनात कापायची. कडेची कुसं बोटाने चाचपून काढायची. नळी किती आत जायला हवी तिथे पेन्सिलने खूण करायची. आणि मग दाबायची. जाताना हाताला दोनदा अडखळल्यासारखं लागतं. पहिल्यांदा अडकली की वाटतं बसली. बसलेली नसते. अजून जोर लावून, जरा फिरवून ढकलली की आतल्या रबरी रिंगेतून पुढे जाते आणि पेन्सिलची खूण दिसेनाशी होते. मग उलटी ओढून बघायची.

दुसरी बरोबर बसली. मी तीनचारदा ओढून पाहिली.

नळ कोरडा आहे. संध्याकाळपर्यंत जाऊन जाऊन हात लावत होते. एवढा आनंद कशाचा झाला कळलं नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

संगमनेरहून जैन संघाच्या चिटणिसांचा फोन आला होता. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की महासतीजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, विहार, पायी, पुण्याकडे. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, पेठ.

मंचर.

माझी लेक त्यांच्यातच आहे. तिच्या दीक्षेला येत्या वैशाखात तीन वर्षं होतील. तेव्हा गावात वरघोड्याची मिरवणूक निघाली होती, बॅण्ड होता, रस्त्यातल्या सगळ्या बायका मला हात लावून कपाळाला लावत होत्या. भाग्यवान आई. अजून बाजारात कुणी भेटलं की तेच. मी हसते. खरंच भाग्य आहे, मला माहीत आहे. मीच तिला सामायिक करायला, दोन घटका स्थिर बसायला शिकवलं, मीच साध्वी उतरतात त्या स्थानकात न्यायचे. मग तक्रार कुणाकडे करायची?

गेल्या वर्षी एकदा भेटायला गेले तेव्हा खूप रडले. तिच्या गुरुणीजी म्हणाल्या, "बाई, तुमचे डोळे त्यांचे पाय अडवतात." रागावून नाही, मायेनेच म्हणाल्या. तेव्हापासून गेले नाही. संगमनेर काही लांब नाही. पण नाही गेले.

सासूबाईंना बातमी सांगितली. आम्ही त्यांना बाईजी म्हणतो. त्या बाजेवर माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव, नीलम. तिच्यासाठी म्हणून काही करायचं नाही. साधूंच्या नावाने रांधलेलं, उकळलेलं, बांधलेलं त्यांना चालत नाही. ते विचारतात, आणि खोटं बोलता येत नाही. घरात आपल्यासाठी जे असेल त्यातलं घोटभर, घासभर. तेवढंच."

"मला माहीत आहे, बाईजी."

"माहीत असतं गं सगळ्यांना," म्हणाल्या.

९ ऑक्टोबर, शनिवार

वरच्या खोलीत शॉवर बसवायचं ठरवलं. नाहीतरी खोकं पडूनच आहे, पीयूषचं नमुन्याचं काम होईल, गिऱ्हाइकांना दाखवता येईल. वरच्या मोरीची लोखंडी लाइन गंजून आतून बुजलीय, करंगळीएवढी धार येते. शिवाय बाईजींच्या गुडघ्यांना गरम शॉवर बरा.

बाईजी म्हणाल्या, "मी जिना चढते कधी?"

मग म्हटलं, पीयूषचं लग्न होईल, सून येईल.

हे जेवत होते. ताटातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत जेवू लागले.

इथे स्पष्ट लिहून ठेवते, की हे काम घरच्या वापरासाठी आहे. साध्वी आंघोळ करत नाहीत, कच्च्या पाण्याला हात लावत नाहीत. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

जुनी लाइन काढायला शेवटी गेणूभाऊच लागले. पाइप इतका गंजलेला की पान्याने फिरवताच तुटला. आतून लाल चिखल पडला. "भाभी, ह्ये पानी पीत व्हता तुमी?" म्हणाले.

ते भिंत फोडत होते आणि मी खोलीतलं सामान हलवत होते. कपाटात तिचे कपडे आहेत अजून. देऊन टाकायचे राहिलेत. टीना कॉलेजला जायची तेव्हा खालून बादल्या भरून वर न्यायची, जिनाभर सांडायची, आणि रोज एकच वाद. मम्मी, एक शॉवर बसवायला काय होतं? आपलं नळाचं दुकान आहे ना? लोकांच्या घरी बसवता. तेव्हा सासरे होते. केवलचंदजींच्या घरात असले थाट नव्हते. मी म्हणायचे, बसवू गं.

जोड मी बसवले. गेणूभाऊ पायरीवर बसून बघत होते, चहा पीत. सहा बसवले तरी एकही गळाला नाही तेव्हा म्हणाले, "लई सोप्पं केलं राव ह्यांनी. आमचं काय राहिलं मंग?" हसतच म्हणाले, पण मला कसंतरी झालं. म्हटलं, भिंत फोडायला तुम्हीच लागणार.

शॉवरची जागा मी भिंतीवर दाखवली. गेणूभाऊंनी विचारलं, "एवढ्या वर? तुमचा हात तरी पोचंल का?" म्हटलं, बरोबर आहे, इथेच.

२ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी आलं. जोर नाही, पण आलं. टाकी जरा उंच ओट्यावर चढवावी लागेल, किंवा छोटी मोटर.

पीयूष आंघोळ करून आला आणि म्हणाला, "मम्मी, शॉवरचं तोंड फिरवायला मला टाचा वर कराव्या लागतात. कुणाच्या मापाचा बसवलास?"

पीयूष माझ्यावर गेलाय, ठेंगणा. टीना यांच्यावर. माप कसं चुकलं कळत नाही. खरं तर मी नीट उभी राहून, हाताने दाखवून खूण केली होती.

१४ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. फराळ केला, वाटला. बेसनाचे लाडू मी या वर्षीही जास्त भाजले. पीयूषला कोवळे आवडतात, यांना गोड चालत नाही, बाईजींना दात नाहीत. तरी खरपूसच भाजले जातात हातून.

पीयूषच्या जोडांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं. तळेघरच्या शाळेचे एक शिक्षक. तिकडे प्लंबर बोलवायचा म्हणजे एक पूर्ण दिवस जातो, एसटीचा भरवसा नाही. पीयूषने त्यांना दुकानातच शिकवलं. हे गल्ल्यावरून बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, "पोरगा समजावून चांगलं सांगतो." बापाच्या तोंडून एवढं म्हणजे पीयूषला पुष्कळ झालं.

२८ नोव्हेंबर, रविवार

संगमनेर सोडलं. काल निघाल्या.

आता रोज फोनची वाट बघायची. आज कुठवर आल्या असतील? थंडी पडलीय. अनवाणी चालायचं, डांबरी रस्त्याच्या कडेने, खडी टोचते. इथे मी लोकर घालून बसलेय आणि तरी पाय गार आहेत.

लिहायचं नव्हतं हे.

५ डिसेंबर, रविवार

नारायणगावात आहेत! दुपारी फोन आला. मी वर मोरीत होते. पीयूषने टाकीजवळ छोटी मोटर बसवलीय, शॉवरला जोर यावा म्हणून, आणि तिच्या जोरासाठी मी एका वळणावरचा एल्बो बदलायला घेतला होता. नळी जोडात घातली आणि खालून हाक आली, फोन. दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. नारायणगाव म्हणजे उद्या किंवा परवा मंचर. कळंबच्या अलीकडे एखादा मुक्काम झाला तर परवा.

घरात काही विशेष करायचं नाही. रोजचंच करायचं. फुलके, मुगाची डाळ, माझं उकळलेलं पाणी. मी ते रोजच पिते, कुणासाठी नाही. कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगेन, हे माझं आहे.

७ डिसेंबर, मंगळवार

आल्या होत्या.

क्रमाने लिहिते.

सकाळी कळलं की उजाडता उजाडता स्थानकात पोहोचल्या. मी जायला निघाले तर बाईजी म्हणाल्या, "वंदनेला दुपारी जा. आता गोचरीची वेळ होईल. कुठल्या घरी येतील सांगत नाहीत. तू घरात नसलीस तर?" म्हणून त्या भिक्षेला येण्याची वाट बघत थांबले. फुलके झाले होते. पाण्याचं पातेलं झाकून पाटावर ठेवलं होतं. हात पुसून, कोरडी होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. कच्चं पाणी, म्हणजे न उकळलेलं, त्यात जीव असतात असं आम्ही मानतो. ज्याच्या हाताला ते लागलंय त्याच्या हातचं साध्वी घेत नाहीत. त्यावर पाय पण ठेवत नाहीत. म्हणून मी सकाळपासून नळाला शिवले नव्हते.

पीयूषला दुकानात जायची घाई. वर आंघोळीला गेला आणि मोटर सुरू केली.

बार उडावा तसा आवाज आला. पीयूष ओरडला. मी वर धावले. भिंतीतल्या वळणावरचा एल्बो सुटून नळी नागासारखी उडत होती, मोरीचा उंबरा ओलांडून पाणी खोलीत, खोलीतून जिन्यात. मोटर बंद करून पीयूष गच्चीवर व्हॉल्व्ह फिरवायला पळाला, तो जाम झालेला. मी नळी पकडली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. नखशिखांत भिजले.

आणि खालून यांचा आवाज आला. "पधारो म्हाराज, पधारो."

इतका मोकळा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

नळी सोडून दिली. जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. दार उघडं होतं. उजेडात दोन पांढऱ्या आकृती. एक वयस्कर साध्वीजी, त्यांच्यामागे ती. उंच. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, म्हणजे दिसत होते फक्त डोळे. हातात झोळी. वयस्कर साध्वीजी जरा बाजूला झाल्या, जणू तिला पुढे जाऊ देत होत्या. तिचा पाय उंबऱ्यावर उचलला गेला होता. त्याच वेळी माझ्या पायांखालून वाहत आलेलं पाणी दिवाणखान्यातून सरकत उंबऱ्याला जाऊन लागलं. तिने उचललेला पाय तसाच मागे घेतला.

"कच्चं पाणी आहे?" साध्वीजींनी विचारलं.

खोटं कोण बोलणार. हे नुसते हात जोडून उभे. बाईजींनी बाजेवर पाय वर घेतले होते. स्वयंपाकघरात पाटावर पातेलं दिसत होतं, झाकलेलं, कोरडं, माझं. मधे सगळं पाणी. आणि मी अशी, की जवळ जाऊन पायही शिवू शकत नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येत नाही. केस डोळ्यांवर आलेले, पदराचं पाणी निथळतंय, अशी मी. तिचे डोळे बारीक झाले. हसली का? की रडू आवरलं? तोंड दिसत नाही ना. पूर्वी तिचे दोन्हींत सारखेच व्हायचे.

मी तिथूनच हात जोडले. "मत्थएण वंदामि."

"दया पाळा," ती म्हणाली. आवाज तोच.

साध्वीजींनी पायरीवरूनच आशीर्वादाचं मांगलिक ऐकवलं आणि दोघी शेजारच्या लोढांकडे गेल्या. तिथे भाकरी घेतली म्हणे, आणि ताक.

पीयूष गच्चीवरून उतरला, मला बघितलं, दार बघितलं, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी नाही रडले. हे गुडघ्यांवर बसून फडक्याने फरशी पुसत होते. जन्मात फडकं हातात न धरलेला माणूस. पिळत होते, पुसत होते, परत पिळत होते. कोरडं झालं तरी पुसत होते.

संध्याकाळी वर जाऊन सुटलेली नळी पाहिली. जोडाच्या पकडीचे ओरखडे पेन्सिलच्या खुणेपर्यंत पोचलेच नव्हते, बोटभर अलीकडेच होते. फोन आला तेव्हा मी घातलेली ती. पहिल्या अडखळण्यालाच सोडून धावले होते. पीयूषला सांगितलं, तुझी चूक नाही.

८ डिसेंबर, बुधवार

स्थानकात व्याख्यानाला गेले. मागे बसले. ती गुरुणीजींच्या बाजूला, मान खाली. उठताना बायका कुजबुजत होत्या, नीलमबाईंच्या घरी पुराचं पाणी आलं म्हणे.

सगळ्या गेल्यावर गुरुणीजींनी मला जवळ बोलावलं. विचारलं, "घरी कसलं काम काढलंय?"

"वर न्हाणीघर केलं. सुनेसाठी."

"मुलाचं लग्न ठरलं?"

"नाही."

"मुली बघताय?"

"नाही अजून."

मला वाटलं आता रागावतील. भिंतीशी ती काहीतरी लिहीत बसली होती, तिचा हात थांबला होता. मी तिकडे बघितलं नाही. डोळ्यांनी पाय अडतात.

मग गुरुणीजी म्हणाल्या, "परवा पेठला विहार आहे. सोबतीला संघातल्या बायका हव्यात. तुम्हाला चालवेल?"

१० डिसेंबर, शुक्रवार

चालवलं.

उजाडल्यावर निघालो. चौघी साध्वीजी, आम्ही तिघी बायका. बाईजींनी शाल दिली होती, ती मी वाटेत काढून काखेत धरली. चालताना साध्वी बोलत नाहीत. नजर चार हात पुढे जमिनीवर, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. म्हणजे तिच्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. मला ते बरंच वाटलं. मी काय बोलले असते? पाय दुखतात का, जेवतेस का, हेच. आणि ते विचारायचं नाही.

पुणे-नाशिक रस्ता. ऊस भरलेले ट्रॅक्टर, कांद्याच्या गाड्या. ट्रक जवळून गेला की सगळ्यांचे पदर उडायचे. मी तिच्या मागे दोन पावलं होते. तिची चाल बदललीय. पूर्वी धावतच चालायची, आता सगळ्यांत हळू तीच. थोड्या वेळाने मी पण खाली बघून चालायला लागले. मग आम्ही दोघी एकच रस्ता बघत होतो.

पेठला शाळेच्या एका खोलीत उतरायची सोय होती. जैनांची घरं तिथे कमी. थोडं टेकून ती आणि वयस्कर साध्वीजी पाण्यासाठी निघाल्या. घर दाखवायला कुणी तरी हवं म्हणून मी गेले, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मी सोबत दिसले तर लोक माझ्यासाठी म्हणून देतील.

एका अंगणात तांब्याचा बंब धुमसत होता. पंचावन्न-साठची एक बाई धुणं पिळत होती. सखूबाई तिचं नाव, ते मला नंतर शाळेत कळलं. साध्वीजींनी लांबूनच विचारलं, गरम पाणी मिळेल का.

"मिळंल की. न मिळायला काय झालं?"

"आमच्यासाठी तापवलं नाही ना?" हे टीनाने विचारलं.

सखूबाईला हसू फुटलं. "तुमच्यासाटी कशाला तापवू बया? मला सपान पडलं व्हतं का तुमी येनार म्हनून? मालकांच्या आंगुळीचं हाय."

"विसण घातलंय का त्यात?"

"न्हाई अजून. कडकडीत हाय, भाजंल बघ."

हात ओले आहेत म्हणून साध्वीजींनी तिला नको म्हटलं. तिने आत हाक मारली, कोरड्या हातांनी नवरा आला आणि त्याने बंबाच्या तोटीतून पाणी काढून पात्रात घातलं. सखूबाई बाजूला कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "सावकाश गं पोरी. लई चाललीस जनू. पाय बघ कसं झाल्यात."

पोरी म्हणाली. सहज. कुणीही अडवलं नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी भिंतीला धरून उभी होते. मला त्या बाईचा राग आला. खरं लिहिते, आला. माझं पातेलं चार दिवस झाकून ठेवलेलं, आणि हिच्या नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी. आणि मग फार बरं वाटलं. पाणी मिळालं. कुठेही गेली तरी कुणाच्या ना कुणाच्या आंघोळीचं पाणी तापलेलं असणारच.

त्या परत आल्या. माझ्याजवळून जाताना ती थांबली नाही. पण पाऊल जरा हळू पडलं. की मलाच तसं वाटलं.

दुपारच्या एसटीने परत आले.

२० डिसेंबर, सोमवार

एल्बो परत बसवला. ढकलला, फिरवला, खूण आत गेली, ओढून पाहिला. पीयूषने मोटर लावली, पाणी नळीतच राहिलं, थेंबही गळला नाही.

सकाळी हे न सांगता वर जाऊन आंघोळ करून आले. डोकं पुसत खाली आले, म्हणाले, "उंची बरोबर आहे." चहा प्यायला बसले.

महासतीजी पुण्यात पोहोचल्याचं कळलं.

१६ जानेवारी २००५, रविवार

आज पेठला जाऊन आले.

काम असं नव्हतं. पीयूषला खेडेगावात जोड दाखवायला घरं हवीत, म्हटलं मी एक बघून ठेवलंय. पिशवीत नळी, कटर, चार जोड घेतले आणि एसटीत बसले. सखूबाईचं घर लगेच सापडलं. तिच्या नळाची तोटी रस्त्याकडेला आहे, तिथून हंडे भरून अंगणातल्या बंबापर्यंत आणते. ते मी त्या दिवशी पाहिलं होतं. म्हटलं, लाइन बंबापर्यंत आणून देते, आमच्या दुकानाची जाहिरात आहे, तुम्हाला काही पडणार नाही.

ती संशयाने बघत होती. "शेठानी, तुमी सोता करनार? गडी कुठं हाय?"

"गडी नाही. बघा तर खरं."

अर्ध्या दिवसाचं काम झालं. ती मधे मधे काम टाकून येऊन बघायची. एक जोड तिलाही बसवायला दिला. पहिल्या अडखळण्याला थांबली. म्हटलं, अजून. तिने ओठ दाबून ढकलला. बसला. "आत्ता गं बया," म्हणाली.

बंबाशी तोटी लावली, पाणी सोडलं. पाणी आलं तशी ती तिथेच उकिडवी बसली आणि तोटी उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यातलीच एक पोर आलती म्हैन्यामागं. पांढऱ्या कापडातली. ह्याच बंबातलं पानी नेलं तिनं. त्वांड झाकल्यालं, पर डोळं लई ग्वाड. मालक दोन दिस म्हनत व्हते, कुनाची असंल गं? तिची आई कशी ऱ्हात असंल?"

मी नळीचे तुकडे गोळा करत होते.

"माझी आहे," मी म्हणाले.

सखूबाईने तोटी बंद केली. माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता हीसुद्धा म्हणेल, भाग्यवान. हात जोडेल. तिने पदराने ओटा झाडला.

"मंग उब्या का? बसा की हितं. न्हानपनी कशी व्हती?"

मी बसले. कुठून सुरू करावं कळेना. म्हटलं, जन्मली तेव्हा पावणेआठ पौंडाची होती, घोडेगावला माझ्या माहेरी. नर्सबाई म्हणाली होती, हिचे पाय केवढे लांब आहेत. चालायला उशिरा लागली, पण चालायला लागली ती थेट रस्त्यावर. एकदा तर बाजारात हरवली, आणि सापडली तेव्हा एका म्हशीच्या पाठीवर बसून भेळ खात होती.

मंचरची एसटी आली, हॉर्न वाजवून गेली. मी सांगत होते. सखूबाईने चहा आणला, स्वतःचा कप तसाच हातात धरून माझ्यासमोर बसली, आणि मी जिथे जिथे थांबत होते तिथे तिथे म्हणत होती,

"मंग?"